रद्द झालेला मिठाचा मुलूख

ऑफिसात सगळ्यात जुनी ती, वयानंही सगळ्यांत मोठी ती, आणि सगळे तिला म्हणायचे धाकटी. नाव दादानं दिलेलं. बहीणभाऊ एकदमच कंपनीत आले, तो तिला धाकटी म्हणून हाक मारायचा, तेच चिकटलं. पुढे नोकरीला लागलेली पोरंपोरी ‘धाकटीताई’ म्हणायची आणि त्यात काही गंमत आहे हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

कंपनी खेळ छापायची. पत्ते-सोंगट्यांचे नव्हेत. या खेळात चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो. बाकीच्यांपैकी कुणी तलवारबाज, कुणी चेटकीण, कुणी चोर. समोर काय आहे ते सूत्रधार सांगतो, आपण काय करणार ते बाकीचे सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. एकेक डाव वर्षानुवर्षं चालतो. पुस्तकात गोष्ट नसते, गोष्टीला लागणारं सामान असतं: कुठला प्रदेश, तिथं कोण राहतं, कुठल्या गुहेत काय दडलंय, आणि नकाशे. या खेळाचं नाव ‘सातमुलूख’. लिहायचा दादा, नकाशे काढायची धाकटी.

त्या दोघांनी तो लहानपणीच मांडला होता. वडील शिंपी. कापड बेतायच्या तपकिरी कागदाच्या पाठीवर दादा बोलत सुटायचा आणि ही पालथी पडून नद्या काढायची. कधी वडील नकळत त्याच कागदावर बाही बेतायचे आणि एखादं राज्य मधोमध कापलं जायचं. मग दादा जाहीर करायचा की तिथं भूकंप झाला.

मोठेपणी दोघांनी हा पसारा उचलून एका छोट्या प्रकाशकाकडे नेला. त्या गृहस्थांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नकाशे बघून ते खुर्चीतून उठले आणि खिडकीच्या उजेडात जाऊन परत बघत बसले. एकेक करून सहा मुलूख आले. दर भागाबरोबर घडी घातलेला मोठा नकाशा असायचा आणि त्यात उत्तरेचा भाग कोरा. सहावा मुलूख एका किनाऱ्यावर संपायचा, पण तिथं पाणी नव्हतं. समुद्र कधीचाच निघून गेलेला, मागं उरलेलं मीठ क्षितिजापर्यंत. त्या मिठाच्या पार टोकाला एक शहर. दादाचा सगळा जीव त्या शहरात. शाळेत असल्यापासून ते त्याच्या डोक्यात होतं आणि त्यानं ते शेवटासाठी राखून ठेवलं होतं. सहाव्या भागाच्या अखेरच्या पानावर छापलं होतं: ‘सातवा भाग, मिठाचा मुलूख, लवकरच.’

मग दादाची फुप्फुसं बिघडली.

आधी तो लिहायचा, नंतर सांगायचा आणि धाकटी लिहून घ्यायची, नंतर दोन वाक्यांमध्ये इतका वेळ जायचा की ती पेन ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. शहराच्या वेशीपाशी मजकूर थांबला. त्याच थंडीत तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव तिनं नीट ऐकलंही नाही, विचारलं एवढंच की अजून किती दिवस रेघ सरळ येईल. डॉक्टर म्हणाले, तसं काही सांगता येत नाही.

दादा गेल्यावर राहिलेलं तिनं पुरं केलं. सकाळची गोळी घेतली की थोडा वेळ हात ताब्यात असायचा, तेवढ्यात काढायचं. पुढेपुढे तोही वेळ आखडला, तेव्हा मनगट पट्टीनं फळीला बांधून घ्यायला लागली. बांधायची वहिनी. वहिनी, म्हणजे दादाची बायको, जन्मभर हॉस्पिटलात नर्स होती आणि त्या खेळाकडे तिनं कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ‘माझी सवत सात मुलखांची राणी आहे,’ असं ती पाहुण्यांना सांगायची. पण पट्टी बांधायची ती अशी, की हात हलू नये आणि बोटं मोकळी राहावीत. शहराच्या शेवटच्या गल्ल्या धाकटीनं तशा बांधलेल्या हातानं काढल्या आणि कागद ऑफिसात नेऊन दिले. तिच्या आयुष्यातलं हे शेवटचं काम आहे हे तिला माहीत होतं. तिला फक्त ते छापून आलेलं बघायचं होतं.

ऑफिसात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर आगामी पुस्तकांची मुखपृष्ठं लावलेली असायची. मिठाचा मुलूख तिथं लागला. खाली लिहिलं होतं, ‘या पावसाळ्याअखेर.’ मग कागदाची अडचण आली आणि ती ओळ बदलली. मग म्हाताऱ्या प्रकाशकांनी कंपनी एका मोठ्या खेळणीवाल्यांना विकून टाकली, आणि नव्या मालकांना सगळी यादी नव्यानं तपासायची होती म्हणून ओळ पुन्हा बदलली. दर वेळी धाकटी घरी येऊन वहिनीला सांगायची, ‘थोडं पुढे गेलंय, पण येतंय.’ वहिनी म्हणायची, ‘येऊ दे बाई एकदाचं.’

एका सोमवारी ती आली तेव्हा मिठाचा मुलूख भिंतीवर नव्हता. त्या जागी रंग जरा उजळ दिसत होता आणि चार कोपऱ्यांत चिकटपट्टीचे तुकडे उरले होते. शेजारी एक नवं चित्र होतं, हसऱ्या अस्वलाचं. तिला वाटलं, मुखपृष्ठ बदललं असेल. खरंच तसं वाटलं तिला. ती त्या अस्वलात दादाचा समुद्र कुठं दिसतोय का ते शोधत उभी राहिली.

नवा मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला बसवलं, पाणी दिलं, दार लावून घेतलं. मग समजावून सांगितलं की नव्या मुलांना सात जाडजूड भाग झेपत नाहीत. कंपनी नवी आवृत्ती काढतेय, सोपी, एका खोक्यात मावणारी, एकच छोटंसं बेट. जुने मुलूख आता बंद.

‘बंद म्हणजे पुढे ढकलले का?’ तिनं विचारलं.

‘नाही ताई. रद्द.’

‘पण सगळं तयार आहे. फक्त छापायचंय.’

‘माहितेय मला. मी वरच्यांशी भांडलो. खरंच भांडलो.’

ती म्हणाली, मग आम्हाला परत द्या, आम्ही कुठंतरी छापून घेऊ. त्यानं जुना करार काढून दाखवला. त्यावर दादानंच सही केलेली, तरुणपणी, दुसरी ओळही न वाचता. मुलूख, माणसं, नावं, नकाशे, सगळं कंपनीचं. छापता येणार नाही, कुणाला छापायला देता येणार नाही. निदान मूळ कागद तरी द्या, ती म्हणाली, माझ्या हातचे आहेत. ते गोदामात असतील, घेऊन जा, मी बोलतो त्यांच्याशी, असं तो लगेच म्हणाला. एक तरी गोष्ट देता येतेय याचा त्याला इतका आनंद झाला की तिलाही जरा धीर आला.

ती तशीच गोदामात गेली. गोदामवाला ओळखीचा, जुना माणूस. तिनं नकाशांच्या सपाट खणांचं कपाट कुठं आहे विचारलं तेव्हा त्यानं सांगून टाकलं. गोदाम या नव्या जागेत हलवलं तेव्हा ती कपाटं दारातून आत येईनात. सगळं संगणकावर चढवून झालंय असं वरून सांगितलं, आणि कागद लगद्याला गेले. त्यानं स्वतः गाडीत चढवले होते. ‘चांगला जाड कागद होता हो,’ तो हळहळून म्हणाला. तिला बसायला तो खुर्ची शोधायला लागला, पण तोवर ती रिकाम्या खोक्यांच्या थप्पीवर बसली होती. मॅनेजरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्याच्यावर रागावण्याचीही सोय राहिली नाही.

संगणकावर होतं म्हणजे अजून कुठंतरी होतं. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर ती आपल्या जागेवर बसली, पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला आणि थरथरत्या बोटांनी पासवर्ड टाकायला लागली. चुकला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा एकेक अक्षर तोंडानं म्हणत टाकला, तेव्हा पडद्यावर आलं की या विभागात तुम्हाला प्रवेश नाही. जन्मात पहिल्यांदा चोरी करायला बसली आणि तीही जमली नाही. पेन ड्राइव्ह पिशवीत टाकून ती घरी आली आणि परत ऑफिसात गेली नाही.

घरी आल्यावर तिनं मोठा कागद फळीवर लावला. आठवत तर सगळं होतं. डोळे मिटले की शहराची गल्ली न् गल्ली दिसायची. ‘बांधा,’ ती वहिनीला म्हणाली. वहिनीनं बांधलं. पहिली रेघ वेशीची होती आणि ती उतारावरून पाणी जावं तशी भलतीकडेच गेली. दुसरा कागद. तिसरा. गोळी वेळेआधी घेतली, दुपारची पण सकाळीच घेतली, वहिनी ओरडली तरी घेतली. चौथ्या दिवशी शाईची बाटली हाताच्या झटक्यानं उडाली आणि तिनं ती उचलून उभी करण्याऐवजी भिंतीवर भिरकावली.

वहिनीनं आधी पट्टी सोडली. मग गुडघे टेकून फरशी पुसायला लागली. बराच वेळ पुसून झाल्यावर, मान वर न करता म्हणाली, ‘तो गेला तेव्हा तू डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. मी म्हटलं, काय दगडाची आहे ही.’

‘तेव्हा काम होतं,’ धाकटी म्हणाली.

‘आणि आता?’

‘आता काही नाहीये, वहिनी. आता तो गेला.’

त्यानंतर ती अंथरुणाला लागली म्हणायला हरकत नाही. अंगात ताप नव्हता, पण उठायचं कशासाठी ते तिला सापडत नव्हतं. वहिनी समोर ताट ठेवायची, ते तसंच उचलायची. गोळ्या स्वतःच्या हातानं भरवायची, जिभेखाली लपवल्या नाहीत ना ते बोट घालून बघायची. जन्मभर परक्यांची आजारपणं काढलेल्या त्या बाईला त्या दिवसांत पहिल्यांदा घरात भीती वाटली. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या तिनं वरच्या फळीवर डब्यांमागे ठेवल्या आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग कंपनीनं जाहीर केलं. दोन ओळींत, सातवा भाग येणार नाही, वाचकांच्या सहकार्याबद्दल आभार. खेळणारे चिडले, कंपनीला शिव्या घातल्या, काहींनी आपली जुनी पुस्तकं विकायला काढली. एका गटानं मात्र कुठूनसा धाकटीचा पत्ता मिळवला आणि ते थेट दारात आले. तिघं होते. बोलणारी होती एक चष्म्यांच्या दुकानाची मालकीण. बरोबर एक पोस्टमन आणि एक शाळेत गणित शिकवणारे सर. त्यांचा डाव बारा वर्षं चालू होता. सहावा मुलूख संपवून त्यांची माणसं त्या सुकलेल्या किनाऱ्यावर येऊन थांबली होती आणि तिथंच, सातव्या भागाची वाट बघत, डाव थांबला होता. आधीचा सूत्रधार कंटाळून गटातून निघून गेला होता.

‘आम्हाला पुस्तक नकोय,’ चष्मेवाली म्हणाली. ‘पुढे काय आहे एवढंच सांगा. किती दिवस नुसतं मिठाकडे बघत उभं राहायचं?’

धाकटीनं मान हलवली. करार आहे, ती म्हणाली. तसं मला करता येत नाही. आणि पायांवरचं पांघरूण ओढून भिंतीकडे वळली. पाहुणे अवघडून उठले. वहिनी त्यांना दारापर्यंत सोडायला गेली, आणि दारात उभी राहून, आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘छापायचं नाही म्हणून लिहिलंय. बोलायचं नाही असं कुठं लिहिलंय? येत्या रविवारी घेऊन येते मी तिला.’

आणि आणलंच. कपडे बदलवले, दंडाला धरलं, बसमध्ये बसवलं. धाकटी वाटेत एकच गोष्ट सांगत राहिली, की मी कधी सूत्रधार झालेले नाही. बोलणारा दादा, मी कोपऱ्यात बसून काढणारी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. ‘नाही फुटला तर परत येऊ,’ वहिनी म्हणाली.

चष्म्यांच्या दुकानामागे एक खोली होती. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, वरून खाली लहान लहान होत जाणारी अक्षरं, मधोमध टेबल. वहिनी बाहेर दुकानात शब्दकोडं घेऊन बसली. आत धाकटीनं घसा साफ केला आणि सांगितलं की समोर मीठ आहे. एवढं बोलून ती थांबली. कुणी घाई केली नाही. सरांनी विचारलं, पायाखाली कसं लागतं? तिला ते कधी कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, वरचा पापुद्रा कडक आहे, पण तुमचा पाय पडला की फुटतो आणि आत ओलं आहे.

त्यांची माणसं किनारा उतरली.

ती चांगली सूत्रधार नव्हती. मध्येच अडखळायची, जे लपवायचं ते आधी सांगून बसायची, तिचे फासे हातातून निसटून टेबलाखाली जायचे आणि सगळे वाकून शोधायचे. पण पुढच्या रविवारी वहिनीनं उठवायच्या आधी ती उठली होती. आठवडाभर ती फक्त एका गोष्टीचा विचार करायची: यांना शहरापर्यंत न्यायचं. दादाचं शहर तीन माणसं तरी बघतील. कुणी वाट सोडून भलतीकडे वळायला लागलं की ती तिथं वादळ आणायची. कुणाचं पाणी संपलं की वाटेत एखादी विहीर निघायची, जी पुस्तकात नव्हती. ती त्यांना हाकत होती, आणि त्यांच्याही ते लक्षात येत होतं, पण कुणी बोललं नाही.

शहराच्या अलीकडे एका खिंडीत त्यांच्यावर हल्ला झाला. तो पुस्तकात होता आणि सोपा होता. पण फासे फिरले. पोस्टमनचा तलवारबाज, गेली बारा वर्षं सगळ्यांच्या पुढे चालणारा, पोटात भाला लागून पडला. औषधं संपलेली. चष्मेवालीच्या चेटकिणीचा एकच मंत्र उरलेला, तो रक्त थांबवेल, जखम भरणार नाही. उपचार मिळाला तर मागे किनाऱ्यावर, तिथल्या एका मठात.

‘आम्ही मागे फिरतो,’ चष्मेवाली म्हणाली.

‘टेकडी ओलांडली की शहर आहे,’ धाकटी म्हणाली.

‘तिथं वैद्य आहे?’

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. विहीर आणली तसा वैद्य आणता आला असता. पण ते शहर रिकामं होतं. माणसं सोडून गेलेलं, दारं उघडी, चुलींवर भांडी तशीच: दादानं तसंच सांगितलं होतं, आणि त्या शहरात वैद्य घातला तर ते त्याचं शहर उरलं नसतं.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘तिथं कुणीच नाही.’

‘मग आम्ही कशाला जाऊ?’

‘कारण तुम्ही इतकं चाललात. एवढंच उरलंय. तुम्ही नाही गेलात तर ते कुणीच बघणार नाही, कधीच नाही, तुम्हाला कळतंय का?’ तिचा आवाज चिरकला. सूत्रधारानं असं बोलायचं नसतं.

 चष्मेवाली हळूच म्हणाली, ‘कळतंय. पण हा मरेल ना.’

धाकटी उठली. खुर्ची मागे पडली ती तिनं उचलली नाही. दुकानातून, चष्म्यांच्या रांगांमधून, सरळ बाहेर फुटपाथवर आली आणि शेजारच्या दुकानाच्या बंद शटरला टेकून उभी राहिली. वहिनी मागोमाग आली. काय झालं ते तिनं तुटक तुटक सांगितलं, आणि म्हणाली, ‘संपलं आता. कागद गेले, पुस्तक गेलं, आणि जी तीन माणसं होती तीही मागे वळली. दादाला मी काय सांगू?’

 ‘तो खेळून घरी यायचा ना,’ वहिनी म्हणाली, ‘अर्ध्या वेळा असाच यायचा. चपला भिरकावायचा. म्हणायचा, महिनाभर खपून राजवाडा रचला आणि गाढवं तिकडे फिरकलीच नाहीत, एका हमालाशी गप्पा मारत बसली. मी म्हणायची, मग सोडून दे. तर म्हणायचा, पण हमाल काय सुरेख निघाला गं. मला त्यातलं काही कळायचं नाही. तुला कळत असेल तर बघ.’

‘मला नाही सांगितलं त्यानं कधी.’

‘तुला कशाला सांगेल? राजवाडे तू काढलेले असायचे.’

धाकटीच्या डोळ्यांतून तेव्हा पाणी आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही. जाणारी-येणारी माणसं वळसा घालून गेली. वहिनीनं तिला जवळ घेतलं नाही, नुसती आडोसा करून उभी राहिली.

ती परत आत गेली तेव्हा तिघंही जागच्या जागी होते. पडलेली खुर्ची कुणीतरी उभी केली होती. परतीच्या वाटेसाठी तिच्याकडे काही नव्हतं. मागे फिरणाऱ्यांसाठी दादानं एक ओळ लिहिली नव्हती. तिनं विचारलं, त्याला कसं नेणार? दोन भाल्यांची झोळी करू, सर म्हणाले. दारातून वहिनी म्हणाली, ‘पोटात लागलंय तर गुडघे दुमडून झोपवा त्याला. आणि पाणी पाजू नका, ओठ फक्त ओले करा.’ सगळ्यांनी वळून बघितलं. ‘काही नाही, खेळा तुम्ही,’ म्हणून ती शब्दकोड्याकडे परत गेली.

परतीला तीन रविवार लागले. तलवारबाज वाचला नाही. किनारा दिसायला लागला होता तेव्हा फासे उलटे पडले, आणि तिथं धाकटीला काही वळवता आलं असतं तरी तिनं वळवलं नाही. पोस्टमननं फासे पुन्हा टाकायला मागितले नाहीत. तो एवढंच म्हणाला, मला इथंच ठेवा, मिठात, म्हणजे खराब होणार नाही. त्यावर सगळे हसले.

नवी आवृत्ती ठरल्या वेळी आली, अस्वलाचं चित्र असलेल्या खोक्यात, आणि म्हणे बरी खपली. सातवा भाग कधी आला नाही. धाकटीचा हात पुढे आणखी बिघडला, चमचाही वहिनीच धरायला लागली. रविवारी मात्र दोघी बसनं जायच्या. डाव आता दक्षिणेकडे, दुसऱ्या मुलखातल्या एका बंदरात चालला होता. पोस्टमननं नवं माणूस घेतलं होतं, एक म्हातारा नावाडी, फार बोलणारा. त्या शहराचा विषय परत कुणी काढला नाही.